जोडेघाटनंतरचे आदिलाबाद : संघर्षभूमीतील क्षेत्रकार्याचा एक इतिहास

एखाद्या समाजात दीर्घकाळ राहून, त्याची भाषा शिकून आणि पेरणीपासून सुतकापर्यंतच्या त्याच्या व्यवहारांत वावरून केलेल्या अभ्यासाला मानवशास्त्रात क्षेत्रकार्य म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीने जे ग्रंथ सिद्ध झाले, ते वाचताना गावे शांत वाटतात, ऋतू ठरल्या वेळी येतात, कुळांचे आणि देवकांचे नियम बिनतक्रार पाळले जातात. मात्र यांतले कित्येक ग्रंथ ज्या भूमीवर लिहिले गेले, तिथे नुकताच गोळीबार झालेला होता, गावे जाळली गेली होती किंवा स्वतः अभ्यासकच कुणाच्या तरी पहाऱ्याखाली होता. युद्ध, बंड आणि दडपशाही यांच्या छायेतले क्षेत्रकार्य ही अलीकडच्या काळाची निष्पत्ती आहे, असा समज विद्यापीठांतून रूढ असला तरी तो फारसा टिकणारा नाही. या शास्त्राच्या जन्मापासून ही छाया त्याच्यासोबत आहे. बदलत गेली ती अभ्यासकाची जागा, म्हणजे सत्ता आणि पीडित समाज यांच्यामध्ये तो नेमका कुठे उभा होता ही गोष्ट, आणि हा बदल ज्या प्रदेशात एका माणसाच्या हयातीतच पाहता येतो तो प्रदेश महाराष्ट्राला अगदी लागून आहे.

सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांच्या रोजच्या जगण्यात भाग घेत घेत ते टिपणे, ही पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की जन्माने पोलिश, परंतु कागदोपत्री ऑस्ट्रियन साम्राज्याचे प्रजाजन होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते ऑस्ट्रेलियात होते आणि तिथल्या सरकारच्या लेखी शत्रूदेशाचे नागरिक ठरले. तथापि त्यांना छावणीत न डांबता संशोधन करू देण्यात आले आणि न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरचा त्यांचा प्रदीर्घ मुक्काम घडला. ते युद्ध संपल्यावर, १९१९ साली, अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या शास्त्रज्ञांचा जाहीर निषेध केला, तेव्हा तिथल्या मानवशास्त्र संघटनेने हेरांना हात न लावता बोआस यांचीच निर्भर्त्सना केली आणि तो ठराव मागे घ्यायला २००५ साल उजाडावे लागले.

सुदानमधील न्युअर या पशुपालक समाजावरील ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांचे काम याहून बोलके आहे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये न्युअरांनी एका ब्रिटिश जिल्हा अधिकाऱ्याला ठार केले, त्यानंतर सरकारने लष्करी मोहीम काढली, १९२९ मध्ये गुएक हा त्यांचा दैवी पुढारी मारला गेला आणि लगेच पुढच्या वर्षी सरकारच्याच विनंतीवरून हा अभ्यासक त्या लोकांत राहायला गेला. एका पहाटे सरकारी तुकडीने त्याच्या मुक्कामाची वस्ती वेढली, दोन पुढाऱ्यांचा शोध घेतला, काही माणसे ओलीस नेली आणि ते दोघे हाती न आल्यास आणखी माणसे नेण्याची धमकी दिली. हा प्रसंग त्यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. मात्र राज्यसंस्था नसतानाही हा समाज कसा सुसूत्र राहतो याची मीमांसा करणाऱ्या पुढच्या प्रकरणांत ती तुकडी जवळजवळ दिसत नाही. संघर्ष प्रस्तावनेत आणि समाज ग्रंथात, ही वाटणी त्या पिढीच्या हाडीमांसी खिळलेली होती.

क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे याच पिढीचे. १९०९ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या या अभ्यासकाने तिथेच पदवी घेतली, लंडनमध्ये मालिनोव्स्की यांच्या चर्चावर्गात हजेरी लावली आणि १९३६ मध्ये तो आसामच्या नागा टेकड्यांत कोन्याक नागांच्या अभ्यासासाठी पोहोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागा टेकड्यांचे उपायुक्त जे. पी. मिल्स यांनी ब्रह्मदेशाच्या सीमेजवळील पांगशा या गावावर दंडात्मक मोहीम नेली. शेजारच्या गावांवर छापे घालून शत्रूची मुंडकी आणि गुलाम नेणाऱ्या या गावाला जरब बसवणे हा तिचा उद्देश होता. आसाम रायफल्सच्या जवानांसोबत हायमेनडॉर्फही त्या अज्ञात मुलखात गेले आणि पांगशा जाळले गेले तेव्हा ते तिथे हजर होते. परतताना मोहिमेत हाती लागलेल्या मुंडक्यांचे अवशेष त्यांनी वाकचिंग या आपल्या मुक्कामाच्या गावी नेले. सरकारच्या बंदीमुळे कोन्याकांना मुंडकी आणल्याचा सोहळा कित्येक वर्षे करता आला नव्हता, तो त्यांनी या निमित्ताने उत्साहाने केला आणि अभ्यासकाला एरवी कधीच पाहायला न मिळालेला विधी टिपता आला. ज्या सत्तेने ती प्रथा बंद पाडली, तिच्याच मोहिमेमुळे तिचे वर्णन शास्त्राच्या पदरात पडले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हायमेनडॉर्फ यांनी ही हकिगत फारशी खंत न बाळगता सांगितली आहे. त्या काळच्या तरुण युरोपीय अभ्यासकाला त्यात साहस दिसले, नैतिक पेच दिसला नाही, ही नोंद करून पुढे जाणेच योग्य.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा भारतात होते. आदल्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केल्यामुळे त्यांचे पारपत्र जर्मन झाले होते, आणि गुरूवर पंचवीस वर्षांपूर्वी जी वेळ आली होती तीच आता शिष्यावर आली. ब्रिटिश अधिकाऱ्यांशी असलेल्या ओळखी कामी येऊन त्यांना छावणीऐवजी निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. संस्थानाची हद्द ओलांडण्यास मात्र बंदी होती. नागांकडे परतण्याचा बेत त्यामुळे सोडावा लागला आणि त्यांनी संस्थानाच्या हद्दीतल्याच आदिम जमातींकडे लक्ष वळवले : आधी कृष्णेकाठच्या जंगलातील चेंचू, मग गोदावरीच्या डोंगरांतील कोंडा रेड्डी आणि त्यानंतर उत्तरेकडील आदिलाबाद जिल्ह्याचे राज गोंड.

आदिलाबादची भूमी तेव्हा निवलेली नव्हती. एके काळी चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेखाली असलेला हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडून निजामाकडे गेला, तरी डोंगराळ भागात गोंड मोकाशी, म्हणजे पिढीजात गावांचे मालक, आपापल्या परिसरात बराच काळ मान राखून होते. गोंडांची शेती बैलनांगराची असली तरी हलक्या, उताराच्या जमिनीवर ती चाले, त्यामुळे दोन-चार पिके घेतल्यावर रान पडीक टाकून दुसरीकडे सरकण्याची त्यांची रीत होती आणि लोकवस्ती विरळ होती तोवर त्यात कुणाचे काही बिघडत नव्हते. महसुली व्यवस्थेला ही रीत मानवणारी नव्हती. जमिनीचा कायम हक्क पट्ट्याने सिद्ध होई, आणि पट्टा त्याच्या नावे होई ज्याला उर्दू कागद वाचता येत असे किंवा पटवाऱ्याशी बोलणे करता येत असे. गोंड बहुधा ‘सिवाय जमाबंदी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर सरकारी जमीन कसत, सारा भरत आणि तेवढ्यावर निश्चिंत राहत. जमीन पडीक टाकली की कागदावर ती मोकळी दिसे आणि दुसऱ्याच्या नावे लागे.

काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग १९२० च्या दशकाअखेर पुरा झाला आणि कापसाला बाजार जवळ आला, तसे बाहेरचे शेतकरी व सावकार या भागात झपाट्याने उतरू लागले. त्यांत दक्षिणेकडून आलेले तेलुगू होते तसे वऱ्हाड आणि मराठवाड्यातून आलेले मराठी भाषकही होते. आदिलाबादच्या गोंडांच्या तोंडी मराठी रुळली ती काही अंशी याच शेजारातून आणि याच व्यवहारांतून, हे मराठी वाचकाने नजरेआड करू नये. याच सुमारास वनखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि कित्येक ठिकाणी त्या चालत्या-बोलत्या गावांवरून गेल्या. काल ज्यांचे शेत होते त्यांना वनरक्षकाने अतिक्रमणदार म्हणावे, झोपड्या पेटवाव्यात, दंड घ्यावा किंवा दंड न घेण्याबद्दल पैसे घ्यावेत, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला.

गोंड पुढारी कोमरम भीम यांचे बंड या पार्श्वभूमीवर उभे राहिले. जंगलातून हुसकलेल्या गोंड आणि कोलाम कुटुंबांनी बाबेझरीच्या परिसरात वसाहत केली होती. ती कायम करावी यासाठी अर्जविनंत्या झाल्या, त्यांतून काही निष्पन्न झाले नाही आणि प्रकरण चिघळत गेले. लोकस्मृतीत भीम यांनी बारा गावांच्या स्वराज्याची मागणी केली होती, आणि ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणाही त्यांच्याच नावे सांगितली जाते. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ते आणि त्यांचे काही सोबती मारले गेले.

यानंतर लवकरच एक परदेशी जोडपे निजाम सरकारच्या संमतीने गोंड गावांत राहायला आले, तेव्हा गोंडांनी त्यांना काय समजावे? गोऱ्या कातडीचा माणूस, सोबत सरकारी परवाना, हातात वही आणि तोंडी जमीन कुणाच्या नावे आहे हा प्रश्न. याआधी असे प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागोमाग जमीन गेली होती. संघर्षभूमीतल्या क्षेत्रकार्याची खरी अडचण गोळी लागण्याच्या भीतीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, इथे असते : अभ्यासकाची चौकशी आणि पोलिसाची चौकशी बाहेरून सारखीच दिसते, आणि त्यांतला फरक केवळ सहवासाने, तोही कालांतराने, लोकांच्या लक्षात येतो. हायमेनडॉर्फ दांपत्याने उटनूरच्या डोंगराळ पट्ट्यातील मार्लवाई येथे गोंडी घरांसारखेच गवताने शाकारलेले घर बांधून तिथे मुक्काम केला. नोंदी आणि प्रवासाची व्यवस्था यांत बेटी यांचा वाटा मोठा होता.

या मुक्कामातून दोन प्रकारचे लेखन झाले आणि ते दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले गेले. १९४५ मध्ये सरकारला सादर झालेल्या चार अहवालांच्या संग्रहात पटवारी, वनरक्षक, सावकार आणि गमावलेली जमीन आहे. जोडेघाटचा प्रकार रानटी लोकांच्या उद्रेकातून नव्हे, तर न्याय्य गाऱ्हाणे ऐकले न गेल्यामुळे घडला, हा त्यातला निष्कर्ष संस्थानी कागदपत्रांच्या मानाने धीट म्हणावा लागेल. १९४८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या राज गोंडांवरील ग्रंथाचा विषय मात्र पुराकथा आणि विधी हा आहे. चार, पाच, सहा व सात भावांच्या ‘सगा’ नावाच्या कुळसमूहांची रचना, पेर्सा पेन या कुलदेवतेचे उत्सव, परधान गायकांनी किंगरी या तंतुवाद्यावर गायलेल्या उत्पत्तिकथा, हे सारे त्यात अपार बारकाव्याने आले आहे आणि गोंड संस्कृतीचा तसा दस्तऐवज दुसरा नाही. परंतु परधान ज्या गोंड यजमानाच्या दारी गातो, त्याची जमीन गेली की परधानाची बिदागी जाते आणि बिदागी गेली की गाणे जाते, हा दोन कप्प्यांना जोडणारा धागा वाचकालाच शोधावा लागतो. विद्वत्तेच्या बाजारात तेव्हा विधींना मोल होते, सातबाऱ्याला नव्हते.

असे असले तरी हायमेनडॉर्फ अहवाल देऊन थांबले नाहीत, आणि इथे त्यांची जागा बदलली. १९४२ पासून संस्थानाचे महसूलमंत्री असलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथाचे लेखक होते, त्यामुळे अभ्यासकाचे म्हणणे ऐकणारा माणूस सत्तेच्या नेमक्या खुर्चीत होता. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, गोंडी भाषेतली पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली आणि भूमिहीन गोंडांच्या नावे सरकारी जमिनीचे पट्टे करून देण्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. केसलापूरला पौष अमावास्येला भरणाऱ्या मेसराम कुळाच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी समोर बसून गाऱ्हाणी ऐकायची, हा दरबारही त्याच दशकात त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि तो आजही भरतो. डोंगरातल्या माणसाला कचेरीपर्यंत जाता येत नसेल तर कचेरीने जत्रेला यावे, ही त्यामागची साधी व्यवहारी सोय होती. दरबारात अर्ज स्वीकारले जातात, हक्क मान्य होतातच असे नाही, ही तिची मर्यादाही तिच्यासोबतच जन्मली.

या कामात एका मराठी माणसाचा वाटा मोलाचा आहे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले, निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी होते आणि १९४० च्या दशकात त्यांची आदिलाबादच्या आदिवासी भागात विशेष अधिकारी म्हणून नेमणूक झाली होती. फार्सी कागदपत्रांत रमणाऱ्या या अधिकाऱ्याने गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात करून त्यांची व्याकरणे लिहिली आणि गोंडांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पगडींच्या ऐतिहासिक लेखनाची चर्चा होते तशी त्यांच्या या कामाची होत नाही, हे आपल्याकडील अभ्यासाचे उणेपण आहे. वास्तविक जमिनीचा पट्टा प्रत्यक्ष कुणाच्या हाती पडतो हे ठरवणारा माणूस लंडनला जाणारा ग्रंथकार नसतो, तर तालुक्याच्या ठिकाणी बसून दप्तर उलगडणारा अधिकारी असतो.

या सगळ्यामागे निजामाची मेहरबानी आणि आणखी एका जोडेघाटची धास्ती होती, हे विसरून चालणार नाही. तेलंगणच्या इतर जिल्ह्यांत सशस्त्र शेतकरी लढा पेटत असताना आदिवासी पट्टा शांत राहणे सरकारच्या सोयीचे होते, आणि अभ्यासकाचे ज्ञान त्या शांततेच्या उपयोगी पडले. पण या कारणास्तव ती योजना केवळ डावपेच ठरवणे हे ज्यांच्या नावे जमीन झाली त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले, हायमेनडॉर्फ लंडनला अध्यापनासाठी गेले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तर त्यातले राजुरा आणि किनवट हे मराठीबहुल तालुके मुंबई राज्याला जोडले गेले. देवनागरीतल्या गोंडी शाळांची जागा तेलुगूने घेतली. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ आणि १९७० मध्ये कडक नियम झाले, परंतु ते होईपर्यंत आणि झाल्यावरही जमीन जातच राहिली. १९७६ च्या दुरुस्तीने आंध्र प्रदेशच्या तेलंगण भागातही लंबाडा समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात बंजारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच समाजाला तो नसल्याने सीमेपलीकडून आदिलाबादेत स्थलांतर वाढले आणि गोंडांच्या जमिनीवरचा ताण आणखी तीव्र झाला.

निवृत्तीच्या सुमारास हायमेनडॉर्फ पुन्हा त्याच गावांत फिरले. आता त्यांच्यामागे ग्रिगसन नव्हते, पद नव्हते, कुणाला आदेश देण्याची ताकद नव्हती. होत्या त्या फक्त तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या वह्या, आणि त्यांच्याशी ताडून पाहता कुठले शेत कुणाच्या हातून कुणाकडे गेले हे गावागणिक सांगता येत होते. शांत काळात रूक्ष वाटणाऱ्या नोंदी अशा वेळी पुराव्याचे रूप घेतात. १९७९ मध्ये गोंडांवरील नव्या ग्रंथात त्यांनी परंपरा आणि बदल एकत्र आणले, म्हणजे जुने दोन कप्पे अखेर एक केले, आणि १९८२ च्या पुस्तकात भारतातील आदिवासींच्या जगण्याच्या झगड्याचा हिशेब मांडला. या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात, २० एप्रिल १९८१ रोजी, केसलापूरपासून जवळच असलेल्या इंद्रवेल्ली येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता. इतरांच्या मते तो कितीतरी अधिक होता.

जगात अन्यत्रही याच सुमारास अभ्यासकाची जागा सरकत होती. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर दिल्लीत वीणा दास यांनी मदतकार्य आणि संशोधन यांतली भिंत ठेवली नाही. ग्वाटेमालामध्ये लष्कराने विस्थापित केलेल्या मायन समाजाचा अभ्यास करणाऱ्या मिर्ना माक यांची ११ सप्टेंबर १९९० रोजी त्यांच्या कार्यालयाबाहेर भोसकून हत्या करण्यात आली. दुसरीकडे २००७ ते २०१४ या काळात अमेरिकी लष्कराने इराक व अफगाणिस्तानात तुकड्यांसोबत समाजशास्त्रज्ञ पाठवण्याची योजना राबवली. पांगशाच्या मोहिमेतला अभ्यासक इथे पगारी होऊन परतला होता, फरक इतकाच की या वेळी मानवशास्त्र संघटनेने त्याला उघड विरोध केला.

ग्रिगसन यांच्या बस्तरमध्ये याच्या नेमके उलट घडले. वसाहतकालीन बस्तरचा इतिहास आणि लोकजीवन यांवर संशोधन केलेल्या नंदिनी सुंदर यांनी, माओवाद्यांविरुद्ध उभारलेल्या सलवा जुडूम या सशस्त्र मोहिमेच्या काळात जाळल्या गेलेल्या गावांची प्रकरणे घेऊन २००७ मध्ये रामचंद्र गुहा व ई. ए. एस. शर्मा यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मोहिमेसोबत जाणारा, मग सरकारला सल्ला देणारा अभ्यासक आता सरकारविरुद्धचा अर्जदार झाला होता. ५ जुलै २०११ रोजी न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देऊन लढाईत उतरवणे घटनाबाह्य ठरवले. छत्तीसगड सरकारने त्याच वर्षी साहाय्यक सशस्त्र पोलीस दलाचा नवा कायदा केला, तो निकालाच्या तारखेपासून लागू केला आणि त्याच तरुणांना त्या दलात सामावून घेतले.